रजिस्टर कोरं म्हणजे मलेरिया संपला?

‘मलेरिया संपलाय, तपासणी हा नुसता धंदा आहे’ हा लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. मी दोनदा न वाचताच पुसला. तिसऱ्यांदा तो डोंबिवलीच्या मावशीकडून आला, सोबत ‘तुझ्याच कामातलं आहे बघ’. फोन केला तर कळलं, काकांना आठवडाभर दिवसाआड थंडी वाजून ताप येतोय आणि या मेसेजच्या भरवशावर रक्त तपासलेलंच नाही! प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियासाठी रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात माझी 19 वर्षं गेली, त्यातली सात गडचिरोलीत. त्यामुळे सूर चढला तर सांभाळून घ्या.

पहिला मुद्दा: 2001 साली देशात 20 लाखांवर रुग्ण, 2022 मध्ये पावणेदोन लाख, म्हणजे रोग गेला. आकडे बरोबर आहेत, मान्य करावंच लागतं. घटही खरी आहे. औषधी मच्छरदाण्या आणि आशाताईंच्या पिशवीतलं तपासणी किट यांनी ती घडवली. ओडिशात 2016 साली सव्वाचार लाखांवर रुग्ण होते, 2018 मध्ये 70 हजारांच्या आत. पण 2023 मध्ये देशाचा आकडा पुन्हा सव्वादोन लाखांवर गेला, ती ओळ मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळली.

दुसरा मुद्दा: ‘एवढे कमी रुग्ण, मग तापात रक्त कशाला तपासायचं?’ इथे माझं डोकं फिरतं. अहो, मलेरियाच्या नोंदींचं रजिस्टर भरतं कसं? ताप आलेल्याचं बोट टोचायचं, पट्टीवर एक जाड थर, एक पातळ थर, मग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली. परजीवी दिसला की ती ओळ लाल शाईने. बोटच टोचलं नाही तर लाल ओळ कुठून येणार? आमचा आरोग्यसेवक महिनाभर रजेवर गेला की त्याची गावं कागदावर मलेरियामुक्त व्हायची. म्हणून तर वर्षाला लोकसंख्येच्या निदान 10 टक्के रक्तनमुने घ्यायचा दंडक आहे, आणि रजिस्टर वाचणारा जाणता माणूस लाल ओळींच्या आधी पट्ट्या किती तपासल्या ते बघतो. 2020 मध्ये रुग्ण घटले, पण कोरोनामुळे तपासण्याही घटल्या होत्या.

आणि ‘संपला’ हे आपण एकदा म्हणून बसलोय. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो असा अंदाज होता. डीडीटीची फवारणी आणि घरोघर रक्त घेणं यांमुळे 1965 पर्यंत नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग घरोघरची पाहणी सैलावली, डासांना डीडीटी पचायला लागलं, आणि 1976 मध्ये नोंद झाली 64 लाखांवर. अकरा वर्षांत! सरकारी कार्यक्रमाचा हा एक तक्ता वाचला असता तर मेसेज लिहायची हिंमत झाली नसती.

तिसऱ्या मुद्द्यात तोच लेखक म्हणतो, सरकारी आकडे खोटे असतात. मग पहिला मुद्दा कशावर उभा केलास बाबा? रजिस्टर खोटं नाही, अपुरं आहे. खाजगी दवाखान्यातले कितीतरी रुग्ण त्यात येतच नाहीत. 2023 साठी जागतिक आरोग्य संघटनेचा भारताचा अंदाज 20 लाख रुग्णांचा आहे, नोंदीच्या जवळजवळ नऊपट. म्हणजे चूक आहे ती कमी मोजण्याची, फुगवण्याची नव्हे.

कोरोनाच्या लसीने मलेरिया वाढला, हा चौथा. मलेरिया ॲनॉफिलिस डासाच्या मादीकडून होतो, पुढे काय बोलणार? मेसेजात उपाय म्हणून दिलेला पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या मेसेजमधून वाट चुकून इथे आलेला दिसतो.

शेवटचा मात्र जीवघेणा: ‘ताप उतरला की गोळ्या बंद करा, 14 दिवस कंपनीच्या फायद्यासाठी.’ व्हायवॅक्स या मलेरियाच्या प्रकाराचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. प्रायमाक्विन या गोळीचे 14 दिवस त्या दडलेल्यासाठी आहेत. गरोदर बाई, तान्हं बाळ आणि रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना ती देत नाहीत, म्हणून डॉक्टरला विचारूनच घ्यायची. पण अर्ध्यात सोडली तर तोच माणूस पुढच्या पावसाळ्यात माझ्या रजिस्टरात पुन्हा लाल शाईने येतो. अशी नावं मला पाठ झाली होती.

काकांचं रक्त तपासलं. व्हायवॅक्सच निघाला. मावशी, आज सहावा दिवस. पाकिटात अजून आठ दिवसांच्या गोळ्या असायला हव्यात, मोजून बघ.