झोपलेलं तण उठवायचं कशाला? बार्शीच्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

आवाजाच्या लहरींनी तणाच्या बियांची सुप्तावस्था, म्हणजे न उगवता पडून राहण्याची झोप, मोडण्यावर मी लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही म्हणता: "मॅडम, आमच्याकडं खुरपून खुरपून बायकांच्या कंबरा मोडल्या आणि तुम्ही झोपलेलं तण उठवायच्या गोष्टी सांगता. प्रयोगशाळेत पाण्यात बी उगवलं म्हणून रानात उगवेल का? मागच्या महिन्यात गावात एक जण भोंग्याचं यंत्र घेऊन आला. आवाज सोडला की तण आपोआप संपतं म्हणाला. असल्या लोकांची दुकानं तुमच्या लिखाणावर चालतात."

आधी त्या यंत्राचं सांगते. घेऊ नका, आणि शेजाऱ्यालाही घेऊ देऊ नका. हवेतला आवाज पाण्यात शिरताना त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा हिस्सा आत जातो, बाकीचा वरच्यावर परत फिरतो. माती सच्छिद्र असल्यामुळे तिथं हिशेब थोडा वेगळा होतो, पण मग मातीच्या कणांमधली हवाच आवाज गिळून टाकते. कंपनं जितकी जास्त तितका आवाज लवकर जिरतो. वापशावरच्या, म्हणजे पेरणीजोगी ओल असलेल्या रानात अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा, फार जास्त कंपनांचा आवाज) बोटा-दोन बोटांत विरून जातो. तणाचं बी त्याच्या खालीही पसरलेलं असतं.

आणि एक चूक माझी आहे, ती कबूल करते. भांड्यातलं पाणी आणि शेतातली माती या दोन्हींबद्दल मी एकाच परिच्छेदात लिहिलं. वाचणाऱ्याला वाटणार की एकातलं दुसऱ्यात चालतं. तसं ते चालत नाही. हे लेखातच स्पष्ट यायला हवं होतं. तो परिच्छेद मी आज बदलते आहे.

मग पाण्यात काय होतं? सराफाकडं दागिना धुवायला एक छोटं भांडं असतं, चष्म्याच्या दुकानातही असतं. बटण दाबलं की पाणी थरथरतं आणि मळ सुटतो. तिथं सेकंदाला साधारण ४०,००० कंपनं होतात. आपल्या कानाची हद्द २०,००० च्या आसपासच संपते. पाण्यातला दाब इतक्या झपाट्यानं खालीवर होतो की बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. फुटताना पाण्याची सुईसारखी धार सुटते. ती दागिन्याचा मळ काढते, तीच बियाच्या टरफलाला सूक्ष्म भेगा पाडते आणि पाण्याला आत वाट मिळते. बी काही ऐकत नाही. त्याचं टरफल खरवडलं जातं. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना घालून लेंड्यांतलं बी लावतात, सुबाभळीचं बी कढत पाण्यात टाकून लावतात, त्यातलाच हा प्रकार.

मला याचं अप्रूप का वाटतं तेही सांगते. बीजपरीक्षणाच्या कामात असताना टाकळ्याचं बी (विदर्भात तरोटा म्हणतात) उगवून बघायचं तर आम्ही ते तीव्र गंधकाम्लात बुडवायचो, काचेच्या कांडीनं ढवळायचो आणि मग पुन्हा पुन्हा धुवायचो. एकदा हातमोज्याला भोक होतं. मनगटावरचा डाग अजून आहे. ज्या कामाला आम्ल लागतं ते काम साध्या पाण्यात आणि कंपनांत होत असेल, तर मला ते मोलाचं वाटतं. पण तिथंही डोळे उघडे ठेवावे लागतात. ते भांडं चालू ठेवलं की पाणी तापतं. म्हणून शेजारी तेवढंच गरम, पण आवाज नसलेलं पाणी ठेवून त्यातही बी भिजवावं लागतं. नाहीतर ऊब काम करते आणि नाव आवाजाचं होतं. वेळ जास्त झाला तर आतला अंकुरच मरतो.

शिवाय सगळ्या बियांची झोप एकसारखी नसते. टाकळ्याची टरफलात असते. जंगली ओटसारख्या बियांची आत, गर्भात असते. तिथं झोपवणारी आणि उठवणारी संप्रेरकं एकमेकांना तोलून धरतात. अशा बियाचं टरफल कितीही खरवडलं तरी ते उठेलच असं नाही. आणि तुमच्या रानातला लव्हाळा तर बियापेक्षा गाठींवरच वाढतो. त्याच्यापुढं या सगळ्या चर्चेचा काही उपयोग नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडं येते: उठवायचं कशाला? इथं मात्र मी मागं हटणार नाही. तुम्ही भुईमूग केला असेल तर उपट्या भुईमुगाचं माहीत असेलच. काढणीला पाऊस लागला की शेंगा जमिनीतच मोड धरतात. पसऱ्या जाती तशा थांबून राहतात. पिकांमधली ही झोप माणसानं निवड करत करत पुष्कळशी घालवली, कारण आपल्याला पेरलेलं सगळं एकदम उगवायला हवं असतं. तणानं ती जपली. एका पावसात थोडं उगवतं, बाकीचं थांबतं. तुम्ही खुरपता ते या वर्षी उठलेलं तण असतं, न उठलेलं बी खाली तसंच राहतं.

ते किती थांबू शकतं? अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि त्या तोंड खाली करून पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची असं ठरलं. २०२१ मध्ये बाटली काढली तेव्हा त्यातलं काही बी १४२ वर्षांनंतरही उगवलं. ती बाटली रात्री, मंद हिरव्या उजेडात उकरली, कारण उजेडाची एक झलकही काही बियांना उठवायला पुरते. नांगराच्या तासात क्षणभर वर येऊन पुन्हा गाडलं जाणारं बी असंच जागं होतं. म्हणजे बी उठणारच आहे. प्रश्न एवढाच की कधी उठणार: पीक उभं असताना, की रान मोकळं असताना?

याचं मोठं उदाहरण तुमच्या ज्वारीतच आहे. टारफुला, पिकाच्या मुळांवर जगणारं तण. त्याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि यजमान पिकाच्या मुळातून झिरपणारा संकेत मिळेपर्यंत वर्षानुवर्षं पडून राहतं. उगवल्यावर काही दिवसांत मूळ सापडलं नाही तर मरतं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या कॅरोलायना राज्यांत तो मक्यात सापडला आणि पुढं चार लाख एकरांहून जास्त क्षेत्रात दिसला. तिथल्या सरकारनं तणनाशकं आणि ये-जा करणाऱ्या मालावरचे निर्बंध यांच्या जोडीला ट्रॅक्टरच्या अवजारानं जमिनीत इथिलीन सोडलं. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये सोडतात तोच हा वायू. टारफुल्याचं बी त्यानं फसलं, मूळ नसताना उगवलं आणि मेलं. काही दशकांत त्या क्षेत्राचा अगदी थोडा तुकडा उरला. आपल्याला ते परवडणारं नाही, पण कल्पना खोटी नव्हती. कापसाच्या मुळांतूनही टारफुल्याला उठवणारा पदार्थ झिरपतो. तो पदार्थ १९६६ मध्ये कापसाच्याच मुळांतून पहिल्यांदा वेगळा केला गेला. कापसावर टारफुला जगत नाही. म्हणजे ज्वारीच्या रानात कापसाचा फेरपालट केला की बी जागं होऊन उपाशी मरतं.

आणि तुम्ही स्वतः काय करता? रब्बी ज्वारीचं रान पावसाळाभर पडीक ठेवता आणि दर उघडिपीला कुळवाची पाळी घालता. ओल धरायला घालता हे खरं, पण प्रत्येक पावसानं उठलेलं तण त्याच पाळीत जातं. झोपलेलं बी उठवून मारणं ते हेच. खरिपाच्या कोरडवाहू शेतकऱ्याला इतकं थांबता येत नाही, त्याचा वापसा निघून जातो. म्हणून उठवण्याचं नवं साधन कुणी शोधत असेल तर मी त्याच्याबद्दल लिहीत राहीन. ते साधन आज आवाज नाही, हेही लिहीन.

एक करून बघाल का? पेरणीआधी एका पट्ट्यात शेवटची पाळी अगदी उथळ घाला, दोन-तीन बोटं, आणि शेजारच्या पट्ट्यात नेहमीसारखी. खोल पाळीनं खालचं बी पुन्हा वर येतं. पेरल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पट्ट्यांत हातभर लांब, हातभर रुंद जागेत तणाची रोपं मोजा, चार-पाच ठिकाणी तरी. आणि टारफुला तुमच्या कोणत्या तुकड्यात येतो, तिथं शेवटचा कापूस कधी होता, तेही इथं कळवा.