समुद्राकडे पाठ करून

आमच्या गुहागरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आठवडाभर एक संदेश फिरतोय : ‘सात दिवस झेन शिबिर. समोर अथांग समुद्र. विचार पूर्ण बंद. चुकलात तर गुरूची काठी. नैराश्याच्या गोळ्या कायमच्या सुटतात.’ शेजारच्या काकूंनी विचारलं, “रे, ह्यात खरं किती?” सात दिवस, एवढंच.

समुद्राचं आधी. झेन ही जपानमधली बौद्ध ध्यानपरंपरा; तिच्यातल्या अशा शिबिराला जपानीत ‘सेशिन’ म्हणतात. सोतो पंथात भिंतीकडे तोंड करून बसतात, रिन्झाई पंथात समोरासमोर. डोळे अर्धे उघडे, नजर खाली. म्हणजे ‘सी व्ह्यू’चे पैसे पाण्यात. गाज तेवढी ऐकू येईल, ती तर आमच्या पडवीत फुकट आहे.

काठी म्हणजे चपटी लाकडी पट्टी, ‘क्योसाकू’. ती खांद्यावर मारतात, झोप उडावी नि आखडलेले स्नायू सुटावेत म्हणून. बऱ्याच ठिकाणी साधक हात जोडून स्वतःच मागतो. जपानी मठांत न मागताही पडते, हे लपवायचं कारण नाही. उलट काही केंद्रांनी ती बंदच केली आहे. पण ‘चुकलात तर’ हे शाळेतल्या छडीवरून सुचलेलं दिसतं.

विचार बंद होत नाहीत. मी बसलोय, म्हणून सांगतो. अर्ध्यापाऊण तासात घरचं भाताचं पीक, भावाशी झालेलं भांडण, गुडघा, पुन्हा गुडघा. विचार आला की त्याच्यामागे न जाता श्वासावर परत यायचं. मग थोडं चालणं, मौनात जेवण, आणि कामही : भाजी चिरा, पातेरा झाडा.

गोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. १८व्या शतकातला रिन्झाई गुरू हाकुइन तरुणपणी अतिसाधनेने स्वतःच आजारी पडला आणि त्या ‘झेन-आजारा’वर त्याने पुढे लिहिलं. ज्या परंपरेने स्वतःच्या आजाराला नाव दिलं, तिच्या नावावर हमखास इलाज खपवायचा? औषध एकदम तोडलं तर त्रास उलटू शकतो. कित्येक केंद्रं अर्जातच विचारतात, मानसिक आजार आहे का, औषधं कोणती.

काकूंच्या मुलाने डिसेंबरसाठी पैसे भरले होते. गोळ्या मात्र परवाच थांबवल्या होत्या. संध्याकाळी मी त्याला चिपळूणला डॉक्टरांकडे घेऊन गेलो.