दरवेळी दोष वापरणाऱ्याच्याच माथी का?

घरातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की दुरुस्ती करणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही नक्की कशावर क्लिक केलंत?" या प्रश्नाची मला मनस्वी चीड येते. भगदाडे ठेवली बनवणाऱ्यांनी आणि गुन्हेगार ठरतो तो वापरणारा.

मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' हा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती स्वतःच पसरवणारा घातक प्रोग्रॅम, ईमेलमधून जगभर पसरला. त्याच्या अटॅचमेंटचे खरे एक्स्टेंशन (फाइलचा प्रकार सांगणारा नावाचा शेवटचा भाग) 'व्हीबीएस' होते, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. पण विंडोज ते एक्स्टेंशन आपणहून लपवत असल्यामुळे लोकांना नावाच्या शेवटी फक्त निरुपद्रवी 'टीएक्सटी' दिसले. साधी मजकुराची फाइल समजून ती उघडणाऱ्यांचे यात काय चुकले? संतापाची गोष्ट ही की विंडोज 11 मध्येही ओळखीच्या फायलींची एक्स्टेंशन मूळ सेटिंगमध्ये लपलेलीच असतात.

पेन ड्राइव्हचा छळ तर विचारूच नका. आतले फोल्डर अदृश्य होतात, त्यांच्या जागी त्याच नावांचे, तसेच दिसणारे शॉर्टकट येतात, आणि आपण नेहमीच्या सवयीने एकावर क्लिक केले की व्हायरस कॉम्प्युटरमध्ये उतरतो. मग अँटीव्हायरस घ्या, तो यंत्र गोगलगायीसारखे चालवतो आणि मुदत संपत आली की दर थोड्या वेळाने पैशांचा तगादा लावतो. शेवटी "फॉरमॅट मारावा लागेल" हे वाक्य ऐकावेच लागते.

अपडेट टाळू नका, हा सल्ला योग्यच आहे. मे 2017 मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या 'वॉनाक्राय'ने विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता. पण अपडेटनंतर कालपर्यंत चालणारा प्रिंटर मुका होतो, ऐन कामात मशीन रीस्टार्ट मागते, आणि मग माणसे अपडेटलाच घाबरू लागतात. ही भीती लोकांच्या आळसातून आलेली नाही.

इतके सोसूनही लोक हे यंत्र का ठेवतात? कारण वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रे त्यातच आहेत, जुने सॉफ्टवेअर दुसरीकडे उघडत नाही, आणि लांबलचक अर्ज किंवा प्रबंध मोबाइलच्या पडद्यावर लिहिता येत नाही. लोकांची ही अडचण कंपन्यांना पुरती ठाऊक आहे. म्हणूनच 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट थांबला आणि विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय व ठरावीक प्रोसेसरची अट आधीच घातलेली होती, तेव्हा अनेक घरांतली धडधाकट यंत्रे एका फटक्यात अपात्र ठरली. आता नवे यंत्र विकत घ्या, नाहीतर मुदतवाढीचे तात्पुरते अपडेट संपले की उघड्यावर पडा, आणि त्यानंतर व्हायरस आला तरी पुन्हा तोच प्रश्न विचारला जाणार आहे.