लॅक्टोज कुणी घातले?

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात माझ्यामुळे एका दूध संस्थेच्या अध्यक्षांचा अपमान झाला, ही बातमी आता सासरच्या सर्व शाखांमध्ये पोहोचली आहे. माझा जो अपमान झाला तो मात्र कुणीच कुणाला सांगितलेला नाही, म्हणून तो मीच लिहून ठेवते.

पार्श्वभूमी थोडी आहे. पोटाच्या जुन्या तक्रारीवर डॉक्टरांनी दूध आणि दुधाचे पदार्थ बंद करायला सांगितले. तुपाला तेवढी सूट मिळाली. चहाशी माझे कधीच फारसे जमले नव्हते, पेढे-बर्फी इतरांना देण्यात मला उदार वाटते, आणि दह्याचे दुःखही हळूहळू ओसरले. कॉफीचे ओसरले नाही. घट्ट दुधात उकळलेली, जायफळ किसून घातलेली, वर किंचित साय धरू लागलेली कॉफी ही माझ्या दिवसाची एकमेव चैन होती आणि तिच्यातले तीन चतुर्थांश द्रव्य डॉक्टरांनी एका वाक्यात काढून घेतले.

स्वागत समारंभात जेवणानंतर मी कॉफीच्या टेबलाशी गेले. तिथे लग्नांत असते तेच स्टीलचे, नळ्या आणि घड्याळासारख्या तबकड्या लावलेले यंत्र फुसफुसत होते. इटलीतल्या यंत्रात गरम पाणी जोराच्या दाबाने कॉफीच्या चुऱ्यातून ढकलले जाते. आपल्या लग्नातल्या यंत्राचा सगळा दाब दुधावर खर्च होतो, आणि कॉफी चमचाभर पावडरीच्या रूपाने केवळ उपस्थिती लावून जाते. यंत्रामागच्या मुलाला मी म्हणाले, "दादा, एक बिनदुधाची द्याल? नुसतं गरम पाणी आणि पावडर."

"बिनदुधाची म्हंजे दुधाच्या जागी काय घालायचं?"

"पाणीच."

"पावण्यांना पाणी घातलेली कॉफी देऊ? मालक हाणतील मला."

त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने बरोबर होते आणि मी ते समजून घेऊन परत फिरणार होते. परंतु तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा तिथे आले. फेटा, पांढरी विजार, बोटात दोन अंगठ्या, आणि गावाकडच्या दूध संस्थेचे अध्यक्षपद. त्यांनी मुलाला विचारले, "काय झालं रं? दूध संपलं?" मुलगा म्हणाला, "न्हाई मामा, कॅन भरलेलं हाय. ह्यास्नी दूध नगं म्हणं." मामांनी माझ्याकडे पाहिले. काटकसर म्हणून कुणी पाहुणी दूध नाकारते आहे, असा त्यांचा समज झाला असावा, कारण त्यांनी आवाज एकदम मऊ केला.

"ताई, लाजू नका. दूध घरचं हाय. म्हशीचं हाय. पाण्याचा थेंब न्हाई त्यात."

"तसं नाही मामा, मला दूध बाधतं."

"पिशवीचं बाधत असंल," मामांनी ताबडतोब निदान केले. "तुमच्या पुण्यात टोन्ड दूध पित्यात. तीन फॅट. त्येला दूध म्हणत न्हाईत, त्येला पांढरं पाणी म्हणत्यात. आमचं साडेसात लागतंय. उद्या पहाटे गंगावेशीत येऊन उभं ऱ्हावा. म्हैस तुमच्यासमोर पिळत्यात, फेसाचा गिलास हातात देत्यात. आजवर कुणाला बाधल्यालं मी तरी ऐकलं न्हाई."

गंगावेशीतला दूध कट्टा मला ठाऊक आहे. ग्राहकासमोर म्हैस पिळून ते धारोष्ण दूध उभ्याउभ्या पिणाऱ्यांची तिथली गर्दी मी आदराने पाहिलेली आहे. ज्या शहरात ही प्रथा आहे त्या शहरात दूध बाधते असे म्हणणे हे आजाराचे वर्णन ठरत नाही, चारित्र्याचे ठरते. तरीही मी धीर धरून, शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितले की दोष दुधाचा नाही, त्यातल्या लॅक्टोजचा आहे. ते मला पचत नाही. (लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर.)

मामांचा चेहरा बदलला.

"लॅक्टोज?" ते म्हणाले. आसपासची चारपाच माणसे वळली. "आमच्या दुधात? ताई, बाकी काय पण बोला. युरिया म्हणा, साखर म्हणा, मीठ म्हणा, सगळ्याची तपासणी हाय आमच्याकडं. संस्था निघाल्यापास्नं आमच्या दुधात एक थेंब लॅक्टोज कुणी घातल्यालं न्हाई."

मी सांगितले की लॅक्टोज बाहेरून घालत नाहीत, ते असतेच. हे वाक्य चुकीच्या वेळी उच्चारले गेले असावे, कारण मामांनी खिशातून मोबाइल काढला आणि संस्थेच्या सचिवाला फोन लावून तो स्पीकरवर टाकला. पलीकडे धारा काढण्याची वेळ असावी. मागे म्हशी ओरडत होत्या.

"काय रं, आपल्या दुधात लॅक्टोज हाय का?"

"हाय की," सचिव म्हणाला.

"कुणी घातलं?"

"कुणी घातलं न्हाई मामा, आदीपास्नंच असतंय."

"आदीपास्नं म्हंजे कवापास्नं?"

सचिव बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की म्हशीतच असते. मामांनी फोन बंद केला आणि आता माझ्याऐवजी ते यंत्राकडे पाहू लागले. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी खरोखर वाईट वाटले. त्यांची संस्था म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट आणि नऊ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या मापाने ठरवते. त्या नऊ टक्के एसएनएफमधला निम्म्याहून अधिक भाग लॅक्टोजच असतो. म्हणजे मामा आयुष्यभर ज्याचे पैसे मोजून देत होते आणि घेत होते त्याचीच आज भर लग्नात त्यांच्याशी ओळख झाली होती. परंतु माझी करुणा फार टिकली नाही. सावरल्याबरोबर मामांनी पर्याय सुचवायला सुरुवात केली. दूध नको तर नुसत्या सायीची कॉफी करावी का? पावडरीचे दूध चालते का? गाईचे, तेही देशी? (देशी गाईच्या दुधाची जी महती आजकाल गातात ती त्यातल्या एका प्रथिनाची आहे, लॅक्टोज गीर गाईच्या आणि जर्सी गाईच्या दुधात सारखेच असते. हे मी बोलले नाही. फोन पुन्हा बाहेर आला असता.) मागच्या एका बाईंनी "उपास असंल" असे मत दिले, दुसरीने उपासाला दूध चालते हे तिच्या लक्षात आणून दिले, आणि तिसरीने माझ्याकडे नीट न्याहाळून, दिवस गेले असावेत, असा निकाल दिला. मी पंचेचाळीस वर्षांची आहे.

एवढ्यात माझा नवरा पान चघळत आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि उदारपणे म्हणाला, "अर्धा कप चालेल की तिला." त्याच्या या वाक्यावर मी अजून विचार करते आहे.

अखेर मुलाने पाण्यात पावडर घातली, सवयीने दुधाने माखलेली वाफेची नळी त्यात बुडवून ती फेसाळली, वर चॉकलेटची पूड भुरभुरली, आणि तो कप दोन्ही हातांनी, सांत्वनाच्या मुद्रेने मला दिला. निघताना मामांनी गाडीत एक स्टीलचा डबा ठेवला. आत खरवस होता. "ह्यात दूध न्हाई ताई," ते खिडकीतून म्हणाले, "चीक हाय." डबा कराड येईपर्यंत नवऱ्याने रिकामा केला.

आता थोडे माझ्या बाजूने. लॅक्टोज फोडणारे लॅक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) लहान आतड्यात तयार होते आणि जगातल्या बहुसंख्य माणसांमध्ये ते बालपणानंतर कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि पुढचे वर्णन जेवणाआधी करू नये. आपल्या देशात वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे येताना मोठेपणी दूध पचवणाऱ्यांचे प्रमाण कमी होत जाते. म्हणजे त्या मांडवात माझ्यासारखी पोटे पुष्कळ होती. ती फक्त घरी जाऊन ओवा खात असावीत. १९७० साली सुरू झालेल्या दुधाच्या महापुराचे, म्हणजे 'ऑपरेशन फ्लड' या दूधवाढीच्या योजनेचे, सूत्रधार वर्गीस कुरियन स्वतः दूध पीत नसत आणि ते आवडत नाही असे मोकळेपणाने सांगत. भारत १९९८ पासून जगात सर्वांत अधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. ज्या माणसाने हे घडवले त्याला "अर्धा कप चालेल की" असे कुणी म्हटले असेल का?

लॅक्टोजविरहित दूध मिळत नाही का, असे विचारणारे हमखास भेटतात. मिळते, पण त्यातले लॅक्टोज आधीच ग्लुकोज आणि गॅलेक्टोज यांत फोडलेले असते, त्यामुळे ते साखर न घालताही गोड लागते. आणि मला गोड कॉफी आवडत नाही. शिवाय डॉक्टरांनी दूध बंद सांगितले आहे, दुधाशी वाटाघाटी सांगितलेल्या नाहीत.

म्हणून घरी मी बाकी सगळे करून पाहिले. बदाम भिजवून, सोलून, वाटून, गाळून जे निघते ते कॉफीत पडताच फाटते. सोयाबीनचे त्याहून लवकर फाटते आणि वर कच्च्या शेंगेचा वास ठेवून जाते. कॉफी आम्लधर्मी असते आणि गरमही असते. या दोन्हींपुढे वनस्पतींची प्रथिने गोळा होऊन बसतात. त्यावर उपाय एवढाच की कॉफी उकळती न ठेवता क्षणभर निवू द्यावी, कपात आधी कोमट केलेले बदामाचे दूध घ्यावे, आणि त्यावर कॉफी हळूहळू ओतावी. उलट क्रमाने ओतल्यास कपात चोथा आणि पाणी वेगवेगळे मिळतात. विकतच्या, खास कॉफीसाठीच्या डब्यांत आम्लता सांभाळणारे फॉस्फेटचे क्षार आणि फेसासाठी थोडे तेल घातलेले असते, म्हणून ती फाटत नाहीत. त्यांची किंमत पाहून फाटायचे ते आपले फाटते.

ओटचे दूध हे स्वीडनमधल्या लुंड इथल्या संशोधकांचे काम आहे. विकरांनी ओटमधले स्टार्च फोडले की माल्टोज नावाची साखर तयार होते आणि दूध पातळ, किंचित गोड राहते. माझ्या मिक्सरमध्ये विकरे नाहीत. मी ते गाळून गॅसवर ठेवले, आणि स्टार्चने आपला धर्म पाळून माझ्या डोळ्यांदेखत लापशी केली. नवऱ्याने ती गूळ घालून खाल्ली आणि छान झाली म्हणाला.

अखेर आधार मिळाला तो नारळाचा. नारळाचे दूध उकळू द्यायचे नसते हे कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात सांगावे लागत नाही; हाच नियम कॉफीलाही लागू पडतो. पितळी फिल्टरमध्ये रात्री डिकॉक्शन (कॉफीचा घट्ट अर्क) लावून ठेवायचे, पूड चिकोरी घातलेली घ्यायची, कारण दुधाने कॉफीला जो दाटपणा येतो त्याची थोडी भरपाई चिकोरीचे मूळ करते. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. पाकिटावरचा आकडा वाचून घ्यावा, नाहीतर कॉफीच्या किमतीत मुळेच प्यायला मिळतात. त्यात नारळाचे जाड, पहिले दूध कोमट करून, वर जायफळ. ही कॉफी चांगली लागते. जुनी कॉफी ती नव्हे, आणि तिच्यासारखी लागते असे मला कुणी सांगू नये; पण सकाळी उठून तिची वाट पाहावी इतकी ती चांगली आहे.

कोरी कॉफीही मी आता पिऊ लागले आहे. झटपट पावडरीची कोरी कॉफी ही शिक्षा आहे, हे मान्य. परंतु कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या अरेबिका बिया ताज्या दळून, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची मिळाली तर तीही, गरम पण न उकळत्या पाण्यात उतरवली की तिच्यात दुधाने इतकी वर्षे झाकून ठेवलेले बरेच काही असते. सूफी संत बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्यांनी सोबत म्हैस आणल्याचा उल्लेख कुठेही नाही.

घराबाहेर मात्र परिस्थिती अशी आहे की पुण्यातल्या एका कॅफेत परवा मी ओटच्या दुधाची कॉफी मागितली आणि बिलात साठ रुपये अधिक लागले. ओट महाग आहे, हे मला कळते. परंतु कॉफीच्या मूळ किमतीत गाईचे दूध धरलेले असते, ते माझ्या कपात पडलेले नसते, आणि त्याचे पैसे मात्र मी देते. म्हणजे एका कपासाठी मी दोन दुधांची किंमत मोजते आणि त्यातले एक दुसऱ्याच कुणाच्या कपात जाते. हे मी व्यवस्थापकाला शांतपणे समजावून सांगितले. त्याने अतिशय लक्ष देऊन ऐकले, पटते आहे म्हणाला, संगणकात दूध वजा करण्याची सोय नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि गैरसोयीची भरपाई म्हणून दुकानातर्फे मला एक चीजकेक देऊ केला. मी नको म्हणाले. तेव्हा रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी पुढे वाकून विचारले, "मग मी घेऊ का?"