मेस बंद करू नका, मेस सुधारा

महाराष्ट्रातल्या वसतिगृहांच्या जेवणावरचे वाद मी इथे इंग्लंडमध्ये बसून वाचते तेव्हा दरवेळी तेच दोन मुद्दे फिरून फिरून येतात. एक म्हणजे मेस हवीच कशाला, सरळ मुलांच्या खात्यात पैसे टाका, आणि दुसरा म्हणजे मेस असलीच तर कोणी कुठे बसून काय खायचं. पहिला वाद 2018 मध्ये पेटला होता, आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे डीबीटीने थेट बँकेत द्यायचं ठरवलं आणि त्याच वर्षी जुलैत त्याविरोधात भर पावसात मुलं-मुली पुण्याहून नाशिकला पायी निघाली. दुसरा 2023 चा, आयआयटी मुंबईच्या हॉस्टेल मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याच्या निषेधावरून एका विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. दोन्हीवर माझं ठाम मत आहे आणि इथल्या केटर्ड हॉलमध्ये राहून ते जास्तच पक्कं झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथल्या युनिव्हर्सिटीत राहण्याचे साधारण दोन प्रकार, सेल्फ-केटर्ड म्हणजे खोली आणि पाच-सहा जणांत एक किचन, स्वतः रांधा स्वतः खा, आणि केटर्ड म्हणजे खोली आणि जेवण एकाच भाड्यात. बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण, शनिवार-रविवार ब्रंच, दुपारचं तुमचं तुम्ही बघा. मास्टर्सला येणारी आपली मुलं शक्यतो सेल्फ-केटर्डच घेतात कारण ते स्वस्त पडतं आणि वरणभात तरी करता येतो. मी पीएचडी करताना केटर्ड हॉलमध्ये रेसिडेन्शियल असिस्टंटचं काम घेतलंय, म्हणजे मुलांमध्येच राहायचं, रात्रीची ड्युटी करायची, कोणाला काही झालं तर पहिला फोन आपल्याला.

आधी टेबलांचं बोलू. आमच्या डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी, व्हीगन, हलाल, ग्लूटेन चालत नाही असे सगळे आहेत, आणि काउंटरवर प्रत्येक पदार्थासमोर छोटं कार्ड असतं, त्यात काय आहे, शाकाहारी आहे का, आणि दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी अशा 14 अ‍ॅलर्जेनपैकी, म्हणजे अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांपैकी कुठलं आहे. ही 14 ची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक ट्रेला वेगळा चमचा, आणि कोणी चुकून एकाचा चमचा दुसऱ्यात घातला तर किचनवाले तो ट्रे उचलून नेतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण एकदा ताट हातात आलं की कुठेही बसा. पाटी पदार्थावर आहे, टेबलावर नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. ज्याला मांस खायचं नाही त्याला आपल्या ताटात मांस येणार नाही याची पूर्ण खात्री मिळायलाच हवी, त्यात मी कणभरही तडजोड मागत नाहीये, पण शेजारच्या ताटात काय असावं हे ठरवायचा हक्क त्यातून निघत नाही. वासाचा त्रास होतो म्हणणारे खोटं बोलतात असंही नाही, मलाही सुरुवातीला काही वास सहन व्हायचे नाहीत, तेव्हा मी उठून दुसरीकडे बसायचे. स्वतः उठून जाणं वेगळं आणि संस्थेने टेबल राखून ठेवणं वेगळं, आपल्याकडे तर फारच वेगळं, कारण पंगतीत कोणाला कुठे बसवायचं याचा आपला इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे.

आता डीबीटी. पैसे हातात दिले की मुलगा मनासारखं खाईल, ठेकेदाराची खाबूगिरी थांबेल, हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो आणि मला तो अगदीच फेटाळायचा नाहीये, कारण पाणीदार डाळ आणि कच्च्या पोळ्या खाल्लेल्यांनाच तो कळतो. पण मेस म्हणजे फक्त जेवण नव्हे. आमच्या काउंटरवर एक बाई आहेत, आजीच्या वयाच्या, त्यांना नावं फारशी येत नाहीत पण चेहरे सगळे पाठ. एका संध्याकाळी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तो उंच मुलगा, रोज बेक्ड बटाटा आणि बीन्स घेणारा, दोन-तीन दिवस दिसला नाही गं. मी जाऊन दार वाजवलं तर तो तापाने फणफणलेला, खोलीत नुसतं पाणी आणि बिस्किटं, घरी कळवलं नव्हतं, मित्र अजून झाले नव्हते. सेल्फ-केटर्डमध्ये हे आठवडाभर कोणाला कळलं नसतं. बँकेच्या खात्याला कोण जेवलं नाही ते कळत नाही.

माझी एक मैत्रीण नाशिकला सरकारी वसतिगृहात होती, तिथे मेस बंद होऊन पैसे सुरू झाले तेव्हा काय झालं ते तिने सांगितलेलं असं, की पैसे कधी वेळेवर तर कधी दोन महिने उशिरा, खोलीत शेगडी लावायला बंदी, बाहेरच्या खानावळीला महिन्याचे आगाऊ हवेत, मग मुली वडापाववर दिवस काढायच्या आणि जे काही जमायचं त्यातले थोडे घरीही पाठवायच्या. घरी अडचण असताना खात्यात आलेले पैसे स्वतःच्या पोटावर खर्च करणं सतरा-अठराव्या वर्षी किती जणींना जमेल? शिवाय रात्री जेवायला बाहेर जायचं म्हणजे परत गेटच्या वेळेची कटकट. ती मोर्चातली मुलं मेस चालू ठेवा म्हणून चालत होती, ती काही जेवणावर खूश होती म्हणून नव्हे.

इथलं सगळं छान आहे असं मात्र कोणी समजू नये. केटर्ड हॉलचं भाडं बऱ्याच ठिकाणी आठवड्याला 200 पौंडांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातं, म्हणजे ज्याला तयार ताटाची खरी गरज आहे, जो अभ्यास सांभाळून विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला परवानगीचे 20 तास दुकानात उभा राहतो, त्यालाच ते परवडत नाही. आणि परवडलं तरी जेवण साडेपाच ते साडेसात, शिफ्ट आठला संपते, आधी सांगून ठेवलं तर डब्यात काढून ठेवतात पण ते सुद्धा सगळीकडे नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत तर कितीतरी हॉलची किचनं बंदच असतात, घरी जाऊ न शकणारे परदेशी विद्यार्थी तेव्हा मायक्रोवेव्हवर दिवस काढतात, यावर मी दरवर्षी मीटिंगमध्ये बोलते. लंडनमध्ये शिकताना बाबासाहेब ज्या घरात भाड्याने राहत तिथली मालकीण जेवायला अगदी तुटपुंजं द्यायची आणि रात्री अभ्यास करताना ते पापडांवर भूक भागवायचे असं चरित्रकारांनी लिहिलंय. शंभर वर्षं झाली, पण पैसे भरूनही विद्यार्थी उपाशी राहू शकतो ही गोष्ट या देशात अजून पूर्ण संपलेली नाही.

म्हणूनच मला आपल्याकडचं जे आहे ते फुकट घालवलेलं बघवत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक बोर्डिंगं उभी केली, पण तेव्हा ती बहुतेक एकेका समाजाची वेगळी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला जे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र रांधून एकत्र जेवायची, आणि धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून त्या पोरांना जेवू घातलं. गरिबाच्या मुलासाठी केटर्ड हॉल आपण त्या काळात चालवलाय, इथे आजही तो पैसेवाल्यांच्याच जास्त वाट्याला येतो. आणि आपण आता तोच बंद करून खात्यात रक्कम टाकायला निघालोय.

ठेकेदार वाईट असेल तर ठेकेदार बदला. इथे काउन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे इन्स्पेक्टर न सांगता येतात, किचनला 0 ते 5 अशी स्वच्छतेची रेटिंग देतात आणि ती कोणालाही नेटवर बघता येते, प्रत्येक सरकारी वसतिगृहाच्या मेसला हे करायला फार मोठा खर्च नाही. मेनू ठरवणाऱ्या कमिटीत मुलं-मुली हव्यात, नुसत्या सहीपुरत्या नकोत, बिल पास करायच्या आधी त्यांचं म्हणणं लेखी घ्या. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवा. आणि रेक्टर साहेबांनी, गृहपाल मॅडमनी रोज रात्री त्याच मेसमध्ये, त्याच भांड्यातलं, मुलांच्या शेजारी बसून जेवावं.