रक्तदाबाची गोळी फुकट, श्वासाचे यंत्र मात्र स्वखर्चाने

आमच्या यजमानांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, आहे हे कळायला सात वर्षे लागली, आणि त्या सात वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आम्ही किती केसपेपर काढले याची गणती नाही. प्रत्येक वेळी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला, गोळी वाढवली आणि मीठ कमी करायला सांगून आम्हाला वाटेला लावले. तीन गोळ्यांनीही रक्तदाब का उतरत नाही आणि हा माणूस बाकावर बसल्या बसल्या का पेंगतो, हे कोणालाही विचारावेसे वाटले नाही. मीच घोरण्याचा विषय काढला, तेव्हा डॉक्टरसाहेब हसून म्हणाले, "वहिनी, कानांत कापूस घालून झोपा."

कापूस घालून झोपणार कशी? घोरणे चालू असेपर्यंत मला काळजी नसे; ते थांबले की मी उठून बसत असे. पोट हलते आहे, पण नाकाशी धरलेल्या बोटांना हवा लागत नाही, वीस, पंचवीस, कधी तीस आकडे मोजून होतात, आणि मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसा एक आचका. हाच माणूस सकाळी सहाला भरलेला टेंपो घेऊन घाट चढत असे. परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यासाठी त्याचे डोळे तपासले. झोपेचे कोणी विचारले नाही.

जिल्हा रुग्णालयात झोपेची तपासणी होतच नाही, म्हणून पुण्यात खाजगीत पैसे मोजून डोक्याला आणि छातीला वायरी लावून रात्र काढली. श्वास तासाला ४२ वेळा अडत होता. ३० च्या वर गेले की आजार तीव्र धरतात. प्रत्येक अडखळीत रक्तातला प्राणवायू घसरतो, शरीर दचकून जागे होते आणि रक्तदाब उसळतो, म्हणजे आम्ही सात वर्षे गळक्या छपराखाली बादल्याच बदलत होतो! १९८१ पासून माहीत असलेला सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, उपाय आमच्या हाती आला तो पंचेचाळीस हजारांना, मास्क वेगळा. रुग्ण दाखल नव्हता आणि यंत्र घरी वापरायचे आहे, म्हणून विमा कंपनीने हात वर केले. सरकारी योजनेचे सारे गणितही दाखल होण्याभोवतीच फिरते.

२०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी याच आजाराने गेले तेव्हा स्लीप ॲप्नियाचे नाव चार दिवस बातम्यांत होते, मग पुन्हा सामसूम. आमच्याकडे येणाऱ्या आशाताई कमरेचा घेर मोजतात, तंबाखूचे विचारतात. त्यांच्या कागदावर घोरण्याचा एक प्रश्न वाढवायला कोणते अंदाजपत्रक लागते? जिल्ह्याला घरी नेऊन तपासता येणारी चार यंत्रे आणि गरजूंना वापरायला देण्यासाठी काही सीपॅप ठेवणे, हे इमारतींना रंग देण्यापेक्षा अवघड आहे का?

परवा रात्री दोनला वीज गेली, यंत्र बंद पडले, आणि मी पहाटेपर्यंत पुन्हा आकडे मोजत बसले.