हेअरवुड म्हणे अ‍ॅडमचं!

सकाळी सकाळी एका मित्राने हेअरवुड हाउसचे, म्हणजे इंग्लंडमध्ये लीड्सजवळ असलेल्या जुन्या हवेलीचे, फोटो टाकलेत. खाली काय, तर 'रॉबर्ट अ‍ॅडमची कमाल!' अ‍ॅडम म्हणजे अठराव्या शतकातला नावाजलेला वास्तुकार. डोकंच फिरलं. अरे, ते घर यॉर्कच्या वास्तुकार जॉन कारचं. 1759 ला पाया घातला. अ‍ॅडमने नकाशात थोडी ढवळाढवळ केली, आतली छतं-भिंती सजवल्या आणि सगळं नाव खिशात घातलं. छतं देखणी आहेत, नाही म्हणत नाही. पण घर?

लीड्सला कामाला होतो तेव्हा मी त्या घरासमोर उभा राहिलोय. आठवले ते आमचे आप्पा. आप्पा गवंडी. गावच्या शाळेची भिंतन् भिंत त्यांनी ओळंबा लावून उचलली. कोनशिलेवर नावं सात, उद्घाटकापासून ठेकेदारापर्यंत. आप्पांचं नाही.

कारसुद्धा हॉर्बरी गावच्या दगडकाम करणाऱ्याचंच पोर, जन्म 1723 चा. बापाच्या हाताखाली शिकला. अ‍ॅडमसारखी इटलीची वारी नाही, लंडनला बस्तान नाही. यॉर्कमध्ये बसून त्याने रेसकोर्सचा ग्रँडस्टँड केला, कोर्ट केलं, बक्स्टनची 'क्रेसेंट' नावाची अर्धगोल इमारत केली, यॉर्कशरभर पूल बांधले. पूल! त्यावरून जाणारा कधी विचारतो, कुणी बांधला म्हणून? पार पोर्तुगालमधल्या पोर्तूच्या इस्पितळाचा आराखडाही याचाच. आणि तरी 'यॉर्कचा' कार. अ‍ॅडमला कुणी 'लंडनचा' म्हणतं का?

हो, माहितीये, कार काही उपाशी मेला नाही. दोनदा यॉर्कचा लॉर्ड मेयर झाला, गडगंज पैसा करून गेला. आप्पांशी तुलना ओढूनताणून आहे, असू दे.

आणि हेअरवुडचा पैसा त्याच्या मालकांकडे, लॅसेल्स घराण्याकडे आला तो वेस्ट इंडीजच्या साखरेतून, गुलामांच्या जिवावर. नावांचा हिशोब मांडायचा तर खरं तिथूनच मांडायला हवा. ते लिहिताना माझाच आवाज जरा खाली आला.

म्हातारपणी कारने हॉर्बरीत स्वतःच्या पैशाने चर्च बांधलं. पुरलंय त्याला तिथेच, आपल्या गावात, आपण बांधलेल्या भिंतींत.

आप्पा एसटीतून शाळेवरून जाताना नेहमी खिडकीची जागा मागायचे. बोलायचे काही नाहीत. शाळा मागे पडली की जागा परत मला द्यायचे.

मित्रा, फोटोखालची ओळ बदल. 'कार', दोनच अक्षरं आहेत.